ईस्ट कर्कबीचं लँकेस्टर: इंजिनं जरूर ऐका, पण परतीची गाडी आधी ठरवा

'इंग्लंडमधल्या बॉस्टन स्टेशनवर उतरलास की ईस्ट कर्कबी आलंच,' असं ज्याने मला सांगितलं, तो नक्की स्वतःच्या गाडीने गेला असणार. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून ग्रँथम, तिथे गाडी बदलून बॉस्टन, इथपर्यंत सगळं सोपं. पण बॉस्टनपासून ईस्ट कर्कबीचं विमान-संग्रहालय वीसेक किलोमीटर आत, शेतांच्या मधोमध आहे. टॅक्सीवाल्याने मीटर न टाकता ५५ पौंड सांगितले. तिथल्या लँकेस्टरची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बाँबफेकी विमानाची, इंजिनं सुरू व्हायला तासच उरला होता, म्हणून मुकाट्याने दिले. तुम्ही देऊ नका. आदल्या दिवशी फोन करून जाण्यायेण्याचं एकत्र भाडं ठरवा.

आता ज्यासाठी गेलो ते. एनएक्स ६११ क्रमांकाचं हे लँकेस्टर १९४५ साली जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी बांधलं, पण ते तिकडे जाण्याआधीच युद्ध संपलं. पुढे ते फ्रेंच नौदलाकडे होतं. पँटन नावाच्या दोन शेतकरी भावांनी ते विकत घेतलं. त्यांचा थोरला भाऊ मार्च १९४४ मध्ये जर्मनीतल्या न्युरेंबर्गवरच्या ब्रिटिश हवाई हल्ल्यात मारला गेला होता, त्याच्या आठवणीसाठी. विमान उडत नाही, पण ठरलेल्या दिवशी स्वतःच्या चारही इंजिनांवर मैदानात चालतं.

माझं लहानपण ओझरला गेलं. मिगची इंजिनं जमिनीवर चालवून बघायचे तेव्हा घरातली भांडी थरथरायची. मला वाटलं होतं, आवाज म्हणजे तेवढाच. हा वेगळाच निघाला. एक माणूस अग्निशामक घेऊन पंखाखाली उभा राहिला. उजव्या पंखाचं आतलं इंजिन आधी. पातं सावकाश फिरलं, एक, दोन, तीन. मग खोकल्यासारखा आवाज, निळसर धुराचा लोट, आणि पातं दिसेनासं झालं. असं चारदा. एकेका मर्लिन इंजिनात १२ सिलिंडर, म्हणजे एकूण ४८ आणि आवाज बाहेर सोडायला आखूड नळकांडी. चौघांची लय अगदी एक नसते, त्यामुळे आवाज वर-खाली हेलकावे खातो. तो कानांच्या आधी बरगड्यांना कळतो. विमान वळलं तेव्हा गवत आडवं झालं, पेट्रोलचा उग्र वास अंगावर आला, आणि माझे डोळे भरून आले. शेजारचे आजोबा टोपी काढून उभे होते.

कुंपणाशी उभे राहा, वळणाच्या जागी; हवा शेपटीकडून येईल तिथे नको, डोळ्यांत कचरा जातो. मोबाइल खिशातच असू द्या, त्यात नुसती घरघर रेकॉर्ड होते. लहान मुलांच्या कानांना झाकण हवंच. आत बसून फेरी मारता येते, पण ती महाग आहे आणि आधी बुकिंग लागतं. आवाजासाठी जाणाऱ्याने बाहेरच थांबावं, हे माझं स्पष्ट मत. इंजिनं कोणत्या दिवशी चालणार ते बघूनच तिकीट काढा. रविवारी बंद असतं.

आणि परतीचं. ठरलेली टॅक्सी आलीच नाही. मी ए१५५ने वेस्ट कीलकडे चालत निघालो, पाच किलोमीटर म्हणजे काय मोठंसं. पण त्या रस्त्याला पदपथच नाही. दोन्हीकडे उंच कुंपणझुडपं, वळणाआड काही दिसत नाही, ट्रॅक्टर आणि मालमोटारी अंगाला चाटून जातात. तीन वेळा मी काटेरी झुडपात शिरलो, हात ओरबाडले. कितीही दणकट असा, या रस्त्याने चालू नका. मी संध्याकाळी उन्हात चाललो म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी लिंकन पाहिलं, कॅथीड्रल वगैरे. तिथे काही अडत नाही. पुन्हा गेलो तर लिंकनलाच भाड्याची गाडी घेईन, आणि दिवसभर थांबून दुसऱ्यांदा सुरू होणारी इंजिनंही ऐकेन.