इंदूरच्या घरातला नांगर

परवा राजवाड्याजवळ गाडी लावताना सवयीने म्हणालो, "चला, नांगर टाकला." मागून मुलगा म्हणाला, "बाबा, नांगर तर शेतात असतो ना?" माळव्याच्या काळ्या मातीतल्या पोराला दुसरं काय सुचणार? हिंदीतला लंगर सांगावा, तर त्याला गुरुद्वाऱ्यातली पंगत आठवते!

हे शब्द आमच्याकडे आजीबरोबर रत्नागिरीहून आले. शीड, सुकाणू, वल्हं सगळ्यांनाच ठाऊक. पण तिच्या बोलण्यात होडीवरचा म्होरक्या तांडेल असायचा, शीड पेलणारी डोलकाठी असायची, रात्री जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा मतलई वारा असायचा. इंदुरात बसून, पंचांग उघडून ती कोकणातली भरती सांगायची. तिथीची पाऊणपट करायची, बस. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून.

मुलाने लगेच मोबाइलवर ताडून पाहिलं. थोडा फरक निघाला. "पणजी चुकली," तो म्हणाला.

मी पोह्यांवर शेव भुरभुरवत म्हटलं, "सुमारास म्हणाली होती ती."