तुम्ही विचारलंत म्हणून: लँडस्केपिंगमध्ये करिअर होतं का?

मुलगी गप्प उभी असते. तिच्या फोनमध्ये बागांचे शेकडो फोटो साठवलेले असतात, पण प्रश्न आई विचारते. ‘यात करिअर होतं का हो?’ मग आवाज जरा खाली आणून, ‘म्हणजे शेवटी माळीकामच ना?’

चौदा वर्षं मी ‘होतं की!’ म्हणून सुटत आले. माळीकामाच्या टोमण्यावर माझी दोन उत्तरं पाठ आहेत. पहिलं, इंग्लंडातल्या मोठमोठ्या बागा आखणारा ‘केपेबिलिटी’ ब्राउन माळीच होता आणि १७६४ मध्ये तो राजाचा माळी झाला. दुसरं, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने आधी शेती करून पाहिली, मग पत्रकारिता केली आणि १८५७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवर देखरेखीच्या नोकरीला लागला. पुढच्याच वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉक्सच्या जोडीने त्याने त्याच पार्कच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. हे ऐकलं की आई गप्प होते. पण गप्प करणं म्हणजे उत्तर देणं नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून या वेळी जरा सविस्तर.

आधी पैशाचं, कारण प्रश्न खरा तोच असतो. बांधकामात बागेचा नंबर शेवटी लागतो. तोवर फरशी, काच आणि दिवे यांनी पैसे खाल्लेले असतात, आणि वेळही. सगळ्यांनी केलेला उशीर शेवटी आमच्याकडून भरून काढायचा असतो. त्यातही बिलातले पाच-दहा टक्के वर्षभर अडकवून ठेवतात, झाडं जगली तर मिळणार म्हणून. डिझाइनचे पैसे द्यायला लोकांच्या जिवावर येतं, ‘चार झाडं कुठं लावायची ते सांगायचे पैसे?’ घर चालतं ते देखभालीच्या कामावर. छाटणी, खत, पाण्याच्या नळ्या, लॉनची कापणी, महिन्याच्या महिन्याला येणारं साधं बिल. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण पहिल्यापासून देखभालीचीच कामं घ्यायची. आम्ही बाकीचे तिला मनातल्या मनात थोडं खालचं समजायचो. आज तिची माणसं दहा-दहा वर्षं तिच्याकडे टिकून आहेत आणि माझी दर दोन वर्षांनी बदलतात. हे लिहायला मला आवडत नाहीये.

दुसरं, ते ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ प्रकरण. तुमच्या मुलीच्या फोनमधल्या एकाही फोटोत पाइप नसतो. आमचा निम्मा दिवस पाणी कुठं जाणार या एका विवंचनेत जातो. फरशीला दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार आणि तोही इमारतीपासून लांब. भिंतीमागे माती भरली तर पाण्याला भोकं ठेवली आहेत का? गच्चीवर बाग हवी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठा, कारण फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला साधारण अर्धा टन. सेंट्रल पार्कमध्येसुद्धा आधी दलदल उपसायला जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ टाकावे लागले होते. ते कुणी बघायला जात नाही. आणि गुडघ्यांचं तर कुणी विचारतच नाही.

एवढं सांगून मी पूर्वी थांबायचे. काम अवघड आहे पण गोड आहे, असा सूर लावून. खरी गोष्ट निराळी आहे आणि ती मी आजवर दोनच माणसांना सांगितली आहे.

माझं चौथं वर्ष होतं. एका मोठ्या आवाराचं काम मिळालं, आजवरचं सगळ्यात मोठं. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चोवीस चोवीस, मिळून अठ्ठेचाळीस झाडं. पिशवीतली, पुरुषभर उंचीच्या वर गेलेली. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, पत्रिका छापून झाल्या होत्या. त्या पट्ट्यावरून दोन वर्षं डंपर आणि रोलर फिरले होते. मी नियमाप्रमाणे हातभर खड्डा खणून संध्याकाळी पाण्याने भरून ठेवला. चांगल्या जमिनीत तासाला दोन-अडीच सेंटिमीटर तरी पाणी उतरायला हवं. सकाळी गेले तर खड्डा तसाच्या तसा भरलेला, आत आभाळ दिसत होतं. फोटो छान आला म्हणून मी तो ठेवूनही दिला.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढे बरीच वर्षं ‘तेव्हा मला कळलं नव्हतं’ असं मी स्वतःला सांगत आले.

सगळा पट्टा खोलवर फोडून घ्यायला हवा होता. एकेक खड्डा फोडून भागत नाही. घट्ट जमिनीतला खड्डा म्हणजे बिनभोकाची कुंडी, पाणी आत येतं आणि बसून राहतं. मुळांना हवा लागते, म्हणून तर बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात. मी तिथल्या इंजिनिअरला म्हटलं, तीन आठवडे लागतील. तो म्हणाला, तारीख हलणार नाही, जमत नसेल तर तसं सांगा. मी ‘जमेल’ म्हणाले.

त्यात आणखी एक मागणी आली. झाडं उंचीला सारखी नव्हती आणि शेंडे एका ओळीत दिसायला हवे होते. मग उंच झाडं खोल घालायची, दुसरं काय!

आमचे मुकादम काका शिकलेले नव्हते असं मी तेव्हा म्हणायचे. हयात रोपवाटिकेत गेली होती त्यांची. पाचव्या की सहाव्या झाडाशी ते थांबले. ‘ताई, मान गाडताय झाडाची.’ बुंधा जिथं रुंद होऊन मुळांत उतरतो, ती झाडाची मान. ती जमिनीच्या वर दिसली पाहिजे. खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच, म्हणजे मुळं आणि त्यांना धरलेल्या मातीच्या गोळ्याइतकाच खोल आणि रुंदीला दुप्पट-तिप्पट असावा, हे माझ्या पुस्तकातही होतं. आम्ही नेमकं उलटं करत होतो, अरुंद आणि खोल. मी म्हटलं, ‘काका, वारा आहे इथं. जरा खोल असलं की आधार मिळेल.’ त्यांनी वाद घातला नाही. खाली बसले आणि दोन झाडांच्या बुंध्याची माती हाताने बाजूला केली. मी ती परत ओढून घेतली, दुसऱ्या पोराला सांगून, त्यांच्यादेखत.

उद्घाटन झालं. हिरवे शेंडे सुतात एका रेषेत. तो फोटो पुढे पाच वर्षं माझ्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर होता.

झाडं वर्षभर जगली आणि अडकलेले पैसे सुटले. या धंद्याची गोम ही अशी आहे. झाड मरायला वेळ घेतं. खोडात-मुळांत साठवलेल्यावर ते तग धरतं, पालवीही फुटते, आणि हमीचं वर्ष कधीच उलटून गेलेलं असतं. तिसऱ्या वर्षी शेंडे वाळायला लागले तेव्हा मला फोन आला. मी साइटवर न जाता पत्र पाठवलं. पाणी जास्त होतंय, तुमच्या देखभालीच्या माणसांना सांगा. खोटं नव्हतं ते. पाणी साचत होतंच. कुणामुळे, एवढंच पत्रात नव्हतं.

पाचव्या वर्षी एका रात्री वाऱ्यात एक झाड आडवं झालं. खाली कुणी नव्हतं. गाड्या लावायची जागा होती ती, दिवसा भरलेली असते. सकाळी गेले. काका तोवर माझं काम सोडून गेले होते. कारण मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. शेजारच्या उभ्या झाडाशी बसून मी खुरप्याने माती काढायला लागले. बुंधा खांबासारखा सरळ आत गेलेला, कुठं रुंद होईना. एक वीत खाली गेल्यावर मान लागली. साल काळी पडलेली, नखाने सुटत होती. आणि मुळं गोल फिरलेली. पिशवीच्या बुडाला जशी गुंडाळी बसलेली असते तशीच, पाच वर्षांनंतरही. पिशवी आम्ही फाडून काढली होती, तिचा आकार मुळांनी सोडला नव्हता. अंगठ्याएवढं एक मूळ बुंध्याला वळसा घालून सालीत रुतलं होतं. बुंधा जाड होत गेला तसा तो फास आवळत गेला होता.

लावताना गड्ड्याला चार बाजूंनी सुरीने उभे छेद दिले असते तर मुळं बाहेर वळली असती. झाडामागे दोन मिनिटांचं काम. अठ्ठेचाळीस झाडांचा मी तिथंच हिशेब केला, दीड तासाच्या आसपास येतो. जमीन फोडायला तीन आठवडे नव्हते, मान्य. दीड तास होता.

इंजिनिअर आला तेव्हा मी काय म्हणाले? ‘वारा जोराचा होता.’

पुढच्या महिन्यात मी स्वखर्चाने उरलेल्या झाडांच्या माना मोकळ्या करून दिल्या, फास कापले, जमिनीत ठिकठिकाणी खोल भोकं पाडून खडी आणि खत भरलं. बिलावर ‘विशेष निगा, विनामूल्य’ असं लिहिलं. त्यांनी आभाराचं पत्र दिलं. ते मी फाइलला लावलेलं नाही आणि फाडलेलंही नाही.

आता कुणी म्हणेल, घाई त्यांची, मागणी त्यांची, मग तुम्ही एकट्या का कुढता? मीही हेच म्हणते, विशेषतः रात्री. चौथ्या वर्षातली ती मुलगी अजून माझ्याशी भांडते. ‘मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी ते काम घेतलं असतं आणि अशाच माना गाडल्या असत्या. पाच माणसांचे पगार तू दिले असतेस का?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. तिचं बरोबर आहे. पण काकांनी बाजूला केलेली माती परत ओढायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिथं इंजिनिअर नव्हता, तारीखही आड येत नव्हती. दोन झाडं चार बोटं उंच दिसली असती, एवढंच. यावर ती गप्प बसते, आणि मग मलाच तिची दया येते. दोघींचं मिटत नाही.

त्याच सुमारास एका कॉलेजात मी भाषण दिलं होतं. ‘मातीची आवड असेल तर बाकी सगळं शिकता येतं.’ टाळ्या पडल्या. ते ऐकून या क्षेत्रात आलेला एक मुलगा परवा भेटला. बरं चाललंय म्हणाला. मी त्याला विचारलं, लावलेली झाडं बघायला परत जातोस का? तो हसला. ‘मॅडम, वेळ कुठं असतो?’ मातीची आवड त्याला आहे, हे नक्की. आवडीचा उपयोग काय होतो ते मला आता सांगता येत नाही.

तर करिअर होतं का? होतं. पोटापुरतं होतं, कधी त्याहून बरंच. नाव होतं, फोटो छापून येतात. पण पैसे झाडं लावल्याच्या वर्षी मिळतात आणि काम कसं झालं ते पाचव्या वर्षी कळतं. मधली चार वर्षं तुम्हाला कुणी काही विचारत नाही. विचारलं तर पत्र लिहिता येतं.

त्या रस्त्यावर आज एकोणतीस झाडं आहेत. काही खरंच सावरली, पानं दाट आहेत. सात-आठ अजून काठावर आहेत. दरवर्षी एकदा मी तिथं जाते, खुरपं घेऊन. कुणी ना कुणी बुंध्याशी परत माती आणि पालापाचोळा रचून ठेवलेला असतो, चांगल्याच हेतूने. तो दूर करावा लागतो. या वेळी येत्या सोमवारी जाणार आहे. तुमच्या मुलीला यायचं असेल तर उजाडताच पाठवा. फोन घरी ठेवायला सांगा आणि जुने कपडे घालायला. आणि प्रश्न तिचा तिला विचारू द्या.