दुपारचे राग

परवा दुपारी अडीचच्या कॉलवर कुणीतरी स्क्रीन शेअर करून एक्सेल उलगडत होता आणि मी म्यूटवर जाऊन एका कानात वृंदावनी सारंग लावला होता. माझं एक खूळ आहे, राग त्याच्या वेळेलाच ऐकायचा. रात्री भीमपलास लावला की मला शिळी भाजी गरम करून वाढल्यासारखं वाटतं. नवरा म्हणतो, यूट्यूबला काय कळतंय किती वाजलेत. बरोबरच आहे, पण नाही म्हणजे नाही.

आणि हे सारंग, भीमपलास, मुलतानी सगळे नेमके ऑफिसच्या वेळेतले! मैफली बहुतेक संध्याकाळच्या, त्यामुळे यमन, बागेश्रीची चंगळ. रात्री दहाला स्पीकर बंद करायच्या नियमामुळे पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव हल्ली दुपारीच सुरू होतो, तिथे मुलतानीबिलतानी मिळून जातो, पण रजा टाकायला लागते.

वृंदावनी सारंगात ग नाही की ध नाही. दोन सूर कायमचे सुट्टीवर आणि कुणाचं काही अडत नाही. इथे माझ्याच्याने सोसायटीचा एक व्हॉट्सॅप ग्रुप सोडवत नाही.

हा राग लागला की मी थेट गुहागरला, आजोळी. मे महिना, जेवणं झालेली, मोठी माणसं पडवीत आडवी झालेली, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतायत, लांबून समुद्राची गाज आणि आजोबांच्या उशाशी चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर, जो निम्मा वेळ नुसता खरखरायचा. आम्हा पोरांना अंगणात वाळत घातलेली आंब्याची साठं राखायला बसवलेलं असायचं, हातात काठी, कावळे हाकलायचे. कावळ्यांनी किती खाल्लं देव जाणे, कडा मात्र आम्हीच कुरतडायचो आणि आजी विचारायला आली की सगळे जण एकदम झाडाकडे बोट दाखवायचो. तिला कळायचं. ती बोलायची नाही, साठं उलटून आत जायची.

आत म्हणजे कामाला. आजी दुपारी झोपलेली मी कधी पाहिलीच नाही. रहाटाचं पाणी, चुलीचा धूर, आणि आम्ही कुठेही पसारा घातला तरी आवरणारी तीच. डोंबिवलीला आमच्याकडे आली की नळ उघडायची आणि नुसती बघत राहायची. मग गॅलरीत खुर्ची टाकून लोकल मोजत बसायची, कंटाळायची म्हणून नाही. 'सुख आहे हो तुमचं,' म्हणायची, आणि परत जायची वेळ आली की तिचाच पाय निघायचा नाही.

मैत्रिणी अधूनमधून कोकणातल्या एनए प्लॉटच्या जाहिराती पाठवतात, 'बीच पाच मिनिटांवर'. चालत का गाडीने ते काही लिहीत नाहीत. मी बदाम पाठवते.

बाकी डिसेंबरात सवाईला रजा टाकायचं मनात आहे, आधी पोराच्या परीक्षेचं टाइमटेबल येऊ दे.