कानांनी चालणारा मासा

"डोळ्यांनी नाय चालत तो. कानांनी चालतो."

शहाळं सोलता सोलता काका एवढंच म्हणाले. गणपतीपुळ्याला आलोय. 2023 च्या नोव्हेंबरात इथेच वाळूत रुतलेल्या देवमाशाच्या पिल्लाचा विषय निघाला होता. टग बोटीने ओढून त्याला खोल पाण्यात नेलं, तरी ते जगलं नाही. भाचीने विचारलं, "त्याला किनारा दिसला नाही का?" त्यावर हे उत्तर.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, कारण काका बरोबर बोलले. समुद्रात उजेड लवकर संपतो, आवाज मात्र हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. दातवाले देवमासे टिकटिक आवाज सोडतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून पुढचं ओळखतात. पण आपल्या पुळणीसारख्या हळूहळू उतरणाऱ्या वाळूवरून तो प्रतिध्वनी नीट परतत नाही. जी वाळू बघून आपण "वा!" म्हणतो, तीच!

निळ्या देवमाशाकडे तर ही टिकटिकही नाही. 2015 साली रेवदंड्याला 42 फुटांचा एक आला होता. तोही गेला. जन्मभर पाण्याने तोललेलं वजन किनाऱ्यावर स्वतःच्याच फुप्फुसांवर येतं.

समोर जेट स्की घरघरत गेली. पोरांच्या आरोळ्या.

"काका, मग हे पण ऐकू जात असेल त्याला?" भाची.

काकांनी कोयता पुसला. "मलई काढून देऊ?"