एका सहीसाठी अकरा आठवडे

कोडिंग चार महिन्यांत झालं, टेस्टिंगही फारशी कुरकुर न होता पार पडलं. पण रिक्वायरमेंट डॉक्युमेंटवर, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं ते लिहिलेल्या कागदावर, क्लायंटची सही मिळवायला अकरा आठवडे गेले, आणि ते आठवलं की अजून चिडचिड होते.

प्रोजेक्ट गोदामातल्या साठ्याच्या नोंदींचा होता. करार वॉटरफॉलचा: आधी सगळ्या रिक्वायरमेंट्स लिहायच्या, साइन-ऑफ घ्यायचा, मगच डिझाइनला हात लावायचा. एकशे बारा पानांचा एसआरएस, म्हणजे हेच रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, मीच लिहिला. आधी खरेदी विभागाच्या शंका आल्या. त्या निस्तरल्या तर हिशेब विभागाच्या. एकाने काढायला लावलेलं वाक्य दुसऱ्याने परत घालायला लावलं. सगळ्यात जास्त अडलो ते कलम ४.३ वर: 'साठा कमी झाल्यास व्यवस्थापकास तत्काळ कळवावे.' तत्काळ म्हणजे किती वेळात? मेसेज की ईमेल? कमी म्हणजे किती नगांच्या खाली? या एका ओळीवर तीन बैठका झाल्या. फाइल चौदाव्या आवृत्तीला पोचली. टीममधले पाच जण हातावर हात ठेवून बसलेले, आणि मला वरून रोज विचारणा.

शेवटी एका रात्री बसून चार स्क्रीन तयार केल्या. बटण दाबलं की पुढची स्क्रीन उघडेल, एवढंच. दुसऱ्या दिवशी गोदाम सांभाळणाऱ्या बाईंपुढे लॅपटॉप ठेवला. दोन मिनिटं बघून त्या म्हणाल्या, "मॅडम, मला मेसेज नकोच. सकाळी आल्यावर कमी पडलेल्या मालाची यादी दिसली की झालं. ऑर्डर आम्ही दिवसातून एकदाच देतो." तीन बैठकांचा प्रश्न तिथेच मिटला! हे सॉफ्टवेअर ज्या रोज वापरणार, त्यांना एकाही बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. मीही नाही.

पाच दिवसांत सही झाली.

नंतर अमेरिकन सॉफ्टवेअर तज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा निबंध वाचला. वॉटरफॉल त्यांच्या नावावर सांगतात, पण निबंधात तो शब्दच नाही. पायऱ्यांची आकृती देऊन त्यांनी लगेच बजावलंय की हे असंच राबवणं धोक्याचं आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि तिथे मोठी चूक निघाली तर पार मागे फिरावं लागतं. नव्या प्रकारचं काम असेल तर आधी एक छोटी आवृत्ती करून बघा, ग्राहकाला अधूनमधून सामील करून घ्या, हेही त्यात आहे. हे आधी वाचलं असतं तर, असं फार वाटलं.

पुढचं काम आम्ही दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोटे तुकडे करून आणि प्रत्येक तुकडा दाखवत, केलं आणि प्रत्येक डेमोला त्या बाईंना बसवलं. हिशेबाचं मॉड्यूल मात्र आधी पूर्ण लिहून काढलं. कराचे नियम डेमो बघून बदलत नाहीत, तिथे वॉटरफॉलच बरा.

डॉक्युमेंट पाठवण्याआधी त्यातले 'तत्काळ', 'सोपे', 'जलद' असले शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या जागी आकडा घाला.

आणि हो, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: सही नेमकी कोण करणार, त्या एकाच माणसाचं नाव करारातच लिहून घ्या. आमच्याकडे चौघे होते, आणि प्रत्येक जण म्हणायचा, बाकीच्यांची झाली की मी करतो.