पंधराव्या वर्षानंतरची होडी

स्मरणिकेसाठी लेख मागितल्यावर काय लिहायचं हे मला लगेच कळलं. शाळेची इमारत, मधली सुट्टी, गॅदरिंग यांवर इतर जण माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहिणार आहे आपल्या पीटीच्या सरांवर आणि त्यांच्या स्मरणार्थ आम्ही माजी विद्यार्थी देत असलेल्या पुरस्कारावर. शर्यतीत शिडाची होडी हाकणाऱ्या मुलामुलींसाठी तो आहे, आणि आजही पुष्कळांना तो ठाऊक नाही.

सर गोव्यातल्या मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचे. नदी ओलांडल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. शाळेकडे होडी नव्हती, पण सरांनी ओळखी काढून शनिवार-रविवारी ऑप्टिमिस्ट होड्या मिळवल्या आणि आम्हाला करंझाळ्याच्या किनाऱ्यावर नेलं. ऑप्टिमिस्ट म्हणजे पावणेआठ फुटांची, नाक कापल्यासारखी दिसणारी, एकाच मुलाने चालवायची होडी. वजन 35 किलो. 1947 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती मुलांसाठी आखली, तीही घरी प्लायवूडमधून बनवता येईल अशी. आज जगभरातली मुलं शर्यतीचा श्रीगणेशा याच होडीत करतात.

शीड डोलकाठीला बांधायच्या बारीक दोऱ्या असतात. सर त्या दोऱ्या आम्हालाच बांधायला लावत आणि मग प्रत्येक गाठीपाशी बोट सरकवून शीड आणि काठी यांच्यातली फट तपासत. एखादी गाठ सैल निघाली की सगळ्या सोडून पुन्हा बांधायच्या. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून ते घरून भजनाची खराब झालेली कॅसेट आणायचे, तिची फीत ओढून वीतभर तुकडा कापायचे आणि डोलकाठीच्या टोकाला बांधायचे. ती तपकिरी फीत इतकी हलकी, की आमच्या गालाला जाणवायच्या आधी वारा तिला कळायचा. पाण्यात जाण्याआधी सरांचं एकच वाक्य असे, “वारें खंयच्यान येता तें पयलीं पळय.” म्हणजे वारा कुठून येतो ते आधी बघ.

भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे मला खऱ्या अर्थाने तिथे समजले. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई येते, दहा-अकराच्या सुमाराला सगळं थंडावतं, शीड लोंबतं, आणि दुपारी पश्चिमेकडून खारा वारा भरतो. त्याच वेळी मांडवीला ओहोटी असेल तर पाणी समुद्राकडे धावतं, वारा त्याला सामोरा येतो आणि मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडीचं नाक त्यांत आपटत राहतं. कुठल्या दिवशी किनाऱ्यालगत जायचं आणि कुठल्या दिवशी खोल पाण्यात शिरायचं, हे ठरवायला सरांनी आम्हाला वही घालायला लावली होती. तारीख, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि आज काय चुकलं, एवढं त्यात लिहायचं. निबंधाच्या वहीपेक्षा ती वही सर जास्त बारकाईने वाचत.

शर्यतीचे नियमही त्यांनी आधी खडूने वर्गात फळ्यावर शिकवले. सुरुवातीची पाच मिनिटांची खूण, मग चार, मग एक. पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, आणि शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. नियम मोडून दुसऱ्याच्या होडीला धडकलात तर पंचाची वाट बघायची नाही, स्वतःहून बाजूला होऊन होडी दोनदा पूर्ण फिरवायची आणि मग पुढे जायचं. सरांना या खेळात सर्वांत प्रिय होतं ते हेच. जे मूल कुणी पाहिलेलं नसतानाही दोन फेऱ्या मारून घ्यायचं, त्याची पाठ ते सगळ्यांसमोर थोपटत.

आमच्यात सर्वांत तयार होती ती नावशीची एक मुलगी. तिच्या घरी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं होतं, त्यामुळे पाण्याचा रंग बघून वाऱ्याची झुळूक ओळखणं तिला शिकवावं लागलं नाही. आम्ही शिडाकडे बघत राहायचो तेव्हा ती पाण्याकडे बघायची. मग ती पंधरा वर्षांची झाली. ऑप्टिमिस्टला वयाची मर्यादा आहे. ज्या वर्षी पंधरा पूर्ण होतात ते शेवटचं वर्ष. त्यानंतर मोठी होडी लागते. तेव्हा तिला लेझर म्हणत, आता इल्का म्हणतात. लांबी सुमारे चौदा फूट, शीड मोठं, ते दाबून धरायला अंगात वजन आणि पोटात ताकद हवी, आणि विकत घ्यायची तर काही लाख रुपये. वर त्याच वर्षी दहावी. सर तिच्या घरी गेले, क्लबात गेले, दोन-चार धनिकांकडेही गेले. होडी मिळाली नाही. मुलगी थांबली.

निवृत्तीनंतरही सर तिची गोष्ट काढायचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कप द्यायला सगळे तयार असतात आणि वीस वर्षांचा मुलगा पदक घेऊन आला की सत्काराला रांग लागते, पण पंधरा ते सतरा या वयात त्याला कोणी विचारत नाही, असं ते म्हणत. माझं मत आजही तेच आहे. गोव्यात या खेळाची गळती होते ती त्याच दोन वर्षांत.

सर गेले तेव्हा शोकसभेनंतर आम्ही काही जण शाळेच्या व्हरांड्यात थांबलो आणि तिथेच हे ठरलं. ब्रिटनमध्ये अशी एक परंपरा आहे हे मला माहीत होतं. जॉन मेरिक्स याने 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये इयान वॉकरबरोबर 470 नावाच्या, दोघांनी चालवायच्या होडीत रौप्यपदक मिळवलं आणि पुढच्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात तो गेला. त्याच्या नावाने उभा राहिलेला ट्रस्ट होतकरू तरुण खेळाडूंना मदत करतो. आमची झेप तेवढी नाही. पण माणसाच्या स्मृतीचा पैसा पुतळ्यात किंवा फलकात न घालता पुढच्या मुलाच्या शिडात घालायचा, हा विचार आम्हाला पटला.

म्हणून आपल्या पुरस्कारात शाल, श्रीफळ आणि मोठा धनादेश नाही. पंधरा ते सतरा वयाच्या एका मुलाला किंवा मुलीला वर्षभर होडीचं भाडं, एक नवं शीड, बाहेरगावच्या रेगाटाचा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा प्रवास आणि प्रशिक्षकाची फी, असा खर्च थेट भरला जातो. घरच्यांना पावत्या घेऊन फिरावं लागत नाही. अर्जासोबत प्रमाणपत्रांची चळत मागत नाही. वही मागतो. पदकं नसली तरी चालतील, वाऱ्याची वही हवी.

मदत वेळेवर पोचली की काय होतं याचं उदाहरण देशानेच पाहिलं आहे. 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या इल्का 4 या, इल्काच्या सर्वांत लहान शिडाच्या प्रकारात नेहा ठाकूरने रौप्य मिळवलं. 11 शर्यती, त्यांतली सर्वांत वाईट वगळून 27 गुण. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची. ज्या राज्याला समुद्र नाही त्या राज्यात, भोपाळच्या तलावावर ती तयार झाली, कारण तिथे होडी आणि शिकवणारे होते. आपल्याकडे दोन नद्यांची मुखं आहेत. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौका गोव्यातल्याच दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधल्या गेल्या. 10 सप्टेंबर 2017 ला सहा महिला नौदल अधिकारी ‘तारिणी’तून याच मांडवीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि 21 मे 2018 ला परत आल्या. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना नावशीची, करंझाळ्याची, वेऱ्याची पोरं होडीवाचून थांबतात याचं मला फार वाईट वाटतं.

नावशीची ती मुलगी आज आमच्या निवड समितीत आहे. सगळ्या वह्या आधी ती वाचते.

यंदाचे अर्ज शाळेच्या कार्यालयात ठेवले आहेत. अर्जदार आपल्याच शाळेचा असला पाहिजे असं नाही, गोव्यातलं कुठलंही मूल चालेल. पैशांखेरीज आम्हाला आणखी दोन गोष्टी हव्या आहेत. होड्या मुंबईला किंवा हैदराबादला नेण्यासाठी कुणाचा टेम्पो मिळत असेल तर सांगा, आणि फाटलेलं शीड नीट शिवणारा कारागीर ओळखीचा असेल तर त्याचा पत्ता कार्यालयात द्या.