ती तिथे, खाली

"ती तिथे, खाली माझी शाळा होती."

वेल्समधल्या लिन केलिन तलावाच्या काठावर एक आजी पाण्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. बोट बराच वेळ तसंच होतं.

लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून १९६५ साली कापेल केलिन गाव बुडवलं. बारा घरं, शाळा, पोस्ट, चॅपल. वेल्श बोलणारं अख्खं गाव. लिव्हरपूलच्या नगर परिषदेने माफी मागितली ती २००५ मध्ये!

माझं आजोळ मुळशीचं. आपल्या वडिलांच्या, धरणात गेलेल्या शेताकडे माझी आजीही असंच बोट दाखवायची.

मी राहते लिव्हरपूलला. रात्री नळ सोडला आणि हात पाण्याखाली तसाच राहिला. त्या आजींना मी कुठून आले ते सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं का?